नळयोजनेला पैसा कोण देतं, आणि अधिकार कुणाकडे?

लोधिवलीहून आम्ही बोलतोय. आमचं काम बचत गटांचं. महिन्याच्या बैठका, वह्या लिहिणं, कर्जाचे हप्ते, बँकेच्या फेऱ्या. पण कुठल्याही गटात गेलो तरी अर्ध्या तासात बोलणं पाण्यावर येतं. एप्रिल-मे असेल तर वही उघडायच्या आधीच येतं. "ताई, टाकी बांधून झाली, नळ बसला, कोनशिलाही लागली. पाणी कुठाय?"

मागच्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका वाडीतल्या बायकांबरोबर आम्ही हाच प्रश्न घेऊन निघालो. पहिल्या कार्यालयात सांगितलं, ही योजना आमची नाही. दुसऱ्यात सांगितलं, बांधली आम्हीच, पण गावाच्या ताब्यात देऊन झाली. गावात विचारलं तर उत्तर आलं, ताबा कागदावर घेतला खरा, पण पंपाचं वीजबिल भरायला पैसे नाहीत. तीन दिवसांची मजुरी बुडाली. टमटमचं भाडं वेगळं. परत येताना एका वयस्कर मावशींनी विचारलं, "ज्यानं पैसा दिला त्याचा अधिकार काय? आणि आपण पाणीपट्टी देतो, तर आपला अधिकार काय?"

त्या वेळी आम्हाला नीट उत्तर देता आलं नाही. मग आम्ही कायदे, शासनाच्या सूचना, योजनेचे कागद बघितले, जाणकारांना विचारलं. जे समजलं ते आज तुम्हाला सांगतो.

जीवन प्राधिकरण म्हणजे कोण?

आपल्या राज्यात पाण्याच्या योजनांसाठी एक खास सरकारी संस्था आहे. तिचं नाव महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. नाव तुम्ही गाड्यांवर, टाक्यांवर, जलशुद्धीकरण केंद्राच्या फाटकावर वाचलं असेल. १९७६ साली राज्यानं यासाठी कायदा केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्र पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ सुरू झालं. १९९७ साली त्याचं नाव बदलून जीवन प्राधिकरण झालं. जुनी माणसं अजूनही त्याला "पाणीपुरवठा मंडळ" म्हणतात, ते यामुळंच. राज्याच्या पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाच्या हाताखाली ते काम करतं.

वेगळी संस्था कशाला काढली? सरकारी खात्याला वर्षाच्या अंदाजपत्रकात मिळेल तेवढाच पैसा खर्च करता येतो. पण धरण, मोठी जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र ही कामं एका वर्षात होत नाहीत आणि त्यांना एकदम मोठी रक्कम लागते. म्हणून अशी संस्था हवी होती, जी स्वतःच्या नावानं कर्ज उभारेल, करार करेल, इंजिनिअर ठेवेल, नगरपालिका-ग्रामपंचायतींना योजना करून देईल आणि वसुलीही बघेल. कायद्यातच तिचं काम असं सांगितलंय की योजना तयार करायच्या, राबवायच्या, वाढवायच्या आणि त्यांना अर्थसाहाय्य करायचं. यातला "अर्थसाहाय्य" हा शब्द महत्त्वाचा. म्हणजे ही संस्था केवळ पाईप टाकणारी नाही, ती पैसा लावणारीही आहे.

पाच अधिकार

हे समजायला आपला बचत गटच डोळ्यांपुढे आणा. एखादी सभासद म्हणाली, मला शेळ्या घ्यायला कर्ज हवंय. आपण काय करतो? आधी विचारतो, कशासाठी, किती, चारा कुठून आणणार. मग पैसे देतो. मग शेळ्या खरंच घेतल्या का ते बघायला जातो. हप्ता किती ते ठरवतो. आणि हप्ता आला नाही तर घरी जाऊन विचारतो. पैसा देणाऱ्याला हे सगळं विचारायचा हक्क असतो. प्राधिकरणाचे अधिकारही याच जातीचे आहेत, फक्त रकमेला शून्यं जास्त.

पहिला अधिकार, योजना आखण्याचा आणि तपासण्याचा. पाणी कुठून घ्यायचं, किती माणसांना पुरवायचं, पुढच्या काही वर्षांत वस्ती किती वाढेल, किती इंची पाईप लागेल, टाकी किती उंचीवर हवी, हे सगळं आराखड्यात आणि अंदाजपत्रकात येतं. त्याला तांत्रिक मान्यता लागते. ती मिळाल्याशिवाय पैसा सुटत नाही.

दुसरा अधिकार, पैसा उभारण्याचा आणि देण्याचा. प्राधिकरणाकडे केंद्राचं आणि राज्याचं अनुदान येतं. त्याखेरीज ते कर्ज काढू शकतं. आयुर्विमा महामंडळासारख्या संस्थांनी महाराष्ट्रातल्या पाणी योजनांना पूर्वी कर्जं दिलेली आहेत. म्हणजे आपण भरलेल्या विम्याच्या हप्त्यातला पैसा फिरून कुठल्या तरी गावाच्या पाण्यात गेला, असंही घडलंय. जागतिक बँकेनंही राज्याला ग्रामीण पाण्यासाठी कर्ज दिलं. २००३ साली सुरू झालेला जलस्वराज्य प्रकल्प त्यातलाच. नगरपालिकेसारख्या संस्थेनं कर्ज घेतलं, तर त्याची परतफेड तिनं आपल्या उत्पन्नातून, पाणीपट्टीतून करायची असते.

तिसरा अधिकार, बांधण्याचा. निविदा काढणं, ठेकेदार नेमणं, कामावर देखरेख ठेवणं, काम मोजून बिल देणं. काम मोजून जिथं लिहितात त्या वहीला मोजमाप पुस्तिका म्हणतात. कार्यालयात तिला "एमबी" म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, पुढं लागेल.

चौथा अधिकार, पाहणीचा. योजना कुणीही चालवत असो, ती कशी चाललीय, पाणी किती उपसलं, किती वाया गेलं, हे बघणं आणि माहिती मागवणं.

पाचवा अधिकार दराचा आणि चालवण्याचा. पाण्याचा दर किती असावा, याचा आढावा घेणं, स्थानिक संस्थेला सल्ला देणं. आणि सरकारनं सांगितलं तर योजना स्वतः चालवणं. जिथं प्राधिकरण स्वतः चालवतं, तिथं बिल त्याचंच येतं, आणि बिल थकलं तर नळ तोडायलाही त्याचीच माणसं येतात.

हे आपल्यापासून लांबचं नाही. कर्जत तालुक्यातलंच माथेरान बघा. तिथलं पाणी जीवन प्राधिकरण पुरवतं. वर शार्लोट तलाव आहे, पण तेवढ्यानं भागत नाही. नेरळच्या बाजूनं उल्हास नदीचं पाणी पंपानं डोंगरावर चढवावं लागतं. पाणी चढवायचं म्हणजे वीज जाळायची. म्हणून डोंगरावरच्या पाण्याचा खर्च खालच्यापेक्षा कितीतरी जास्त. आपल्या वाड्याही पुष्कळदा टेकडीवर असतात आणि विहीर खाली ओढ्याकाठी. म्हणजे माथेरानचं गणित लहान प्रमाणात आपल्याही दारात आहे.

प्राधिकरणाकडे काय नाही?

आता दुसरी बाजू. प्राधिकरणाकडे खुद्द पाणी नाही. नदी-धरणातलं पाणी राज्याचं, आणि त्याचं आरक्षण जलसंपदा विभागाकडं. धरणातून-नदीतून घाऊक पाणी घेण्याचा दर ठरवायला आणखी एक संस्था आहे, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. तिचा कायदा २००५ चा. नाव सारखं वाटतं म्हणून घोटाळा होतो. एक पाण्याचं वाटप आणि घाऊक दर बघतं, दुसरं योजना बांधतं आणि पुरवतं. पाणीवाटपात पिण्याच्या पाण्याचा नंबर पहिला, हे राज्याच्या जलनीतीत लिहिलेलं आहे.

आणि गावातल्या योजनेवर अखेरचा शब्द प्राधिकरणाचा नाही. तिथं ग्रामपंचायत आणि ग्रामसभा लागते. त्याकडं आपण येऊच. त्याआधी आपल्या शेजारचं एक मोठं उदाहरण बघू.

शेजारचं मोरबे

लोधिवलीहून चौकच्या बाजूला गेलं की मोरबे धरण फार लांब नाही. धावरी नदीवरचं हे धरण आपल्याच खालापूर तालुक्यात. पावसाळ्यात ते भरलं की बातमी येते, "नवी मुंबईची पाण्याची चिंता मिटली." आपल्या बायका ती बातमी ऐकतात आणि म्हणतात, धरण आमच्याकडं आणि चिंता नवी मुंबईची कशी मिटली?

त्याचं उत्तर पैशात आहे. या धरणाचं काम जीवन प्राधिकरणानं हाती घेतलं होतं. पुढं नवी मुंबई महानगरपालिकेनं ते प्राधिकरणाकडून विकत घेतलं. महापालिकेनं पैसा मोजला, धरण तिच्या मालकीचं झालं. धरण ८८ मीटर पातळीला पूर्ण भरतं आणि तेव्हा त्यात सुमारे १९ कोटी घनमीटर पाणी असतं. तिथून ते भोकरपाड्याच्या शुद्धीकरण केंद्रात जातं. त्याची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटर. आणि तिथून थेट शहरात.

पाताळगंगेचंही तसंच. खोपोलीला टाटांचं वीजघर १९१५ पासून चालू आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाट उतरून येतं, वीज करतं आणि पाताळगंगेत सोडलं जातं. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. हेच पाणी उचलून जीवन प्राधिकरणाची न्हावा-शेवा योजना पनवेल, सिडकोचा भाग आणि बंदराच्या परिसराला पाणी देते.

आम्ही हे रागानं सांगत नाही. शहरातही आपल्याच बहिणी धुणीभांडी करायला जातात, त्यांनाही पाणी लागतं. पण मोरब्यासाठी ज्यांची जमीन आणि घरं गेली, त्या प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी आणि नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं करावी लागली, हेही विसरता येत नाही. यातून आपल्याला एक गोष्ट शिकायची आहे. पाणी कुठं पडतं यावरून ते कुणाला मिळेल हे ठरत नाही. योजनेत कुणाचं नाव लिहिलंय, आरक्षण कुणाच्या नावे आहे आणि पैसा कुणी लावलाय, यावरून ठरतं. आपल्या वाडीचं नाव आराखड्यात नसेल, तर जलवाहिनी अंगणातून गेली तरी हंडा रिकामाच.

आपल्या गावची योजना

गावपातळीवर काम दोन हातांत वाटलेलं असतं. एका गावाच्या लहान योजना साधारणपणे जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग करतो. मोठ्या, बऱ्याच गावांच्या मिळून प्रादेशिक योजना जीवन प्राधिकरणाकडं जातात. म्हणून पहिला प्रश्न हा, आपली योजना कुणाची? ते कळलं नाही की आमच्यासारखी तीन दिवसांची मजुरी जाते.

सध्या बहुतेक योजना जल जीवन मिशनमधल्या आहेत. १५ ऑगस्ट २०१९ ला त्याची घोषणा झाली. प्रत्येक ग्रामीण घराला नळ, आणि माणशी रोज ५५ लिटर शुद्ध पाणी. मुदत आधी २०२४ ची होती, केंद्राच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ती २०२८ पर्यंत वाढवण्याचं जाहीर झालं. महाराष्ट्रात यातला निम्मा पैसा केंद्राचा, निम्मा राज्याचा.

५५ लिटर म्हणजे किती? पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. एका हंड्यात पंधरा लिटर धरलं तर अठरा हंडे. तुमच्या नळाला रोज अठरा हंडे येतात का, ते एकदा मोजा. तोंडी तक्रारीपेक्षा हा आकडा जास्त बोलतो.

मिशनच्या मार्गदर्शक सूचनांत लोकवर्गणीही आहे. गावातल्या कामाच्या खर्चाच्या १० टक्के. डोंगराळ आणि जंगलभागात, तसंच अनुसूचित जाती-जमातींची वस्ती निम्म्यापेक्षा जास्त असलेल्या गावात ५ टक्के. ती रोख, वस्तू किंवा श्रमदानातून देता येते. आपल्याकडच्या कातकरी आणि ठाकूर वाड्यांनी ही सवलत आपल्याला लागू होते का, हे जरूर विचारावं. आणि वर्गणी दिली असेल, चर खोदायला अंगमेहनत केली असेल, तर त्याची नोंद कुठं झाली तेही विचारावं. वर्गणी घेण्यामागचा विचार असा की ज्यानं थोडा का होईना पैसा लावला, त्याला योजना आपली वाटावी. मग पैसा लावणाऱ्याचे अधिकारही आपल्याला हवेत. मावशींच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

त्यासाठी गावात पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. तिच्यात निम्म्या बायका असायला हव्यात. तुमच्या गावात आहेत का? आणि त्या खरंच बैठकीला जातात, की वही घरी येते आणि अंगठा उमटतो? पाणी तपासण्याच्या पेटीचं प्रशिक्षण गावातल्या पाच बायकांना द्यायचं, असंही मिशनच्या सूचनांत आहे. त्या पाच कोण?

बांधायचा पैसा वरून, चालवायचा आपला

आता आजच्या बोलण्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. विहीर, पंप, पाईप, टाकी, नळ, हे बांधायला पैसा वरून येतो. तो एकदाच येतो. पण बांधून झाल्यावर योजना ग्रामपंचायतीकडं सोपवतात. त्याला हस्तांतरण म्हणतात. त्या कागदावर सही झाली की दर महिन्याचा खर्च आपला.

तो किती? उदाहरण म्हणून एक हिशेब मांडू. समजा वाडीत १२० घरं आहेत. पंपाचं वीजबिल महिन्याला ९,००० रुपये. पाणी सोडणाऱ्या माणसाला ६,०००. टीसीएल पावडरला ८००. आणि पंप जळला, पाईप फुटला तर असावे म्हणून बाजूला २,२००. एकूण १८,०००. भागिले १२०, म्हणजे घरटी महिन्याला १५० रुपये.

आता १२० पैकी ८० घरांनीच भरले, तर येतात १२,०००. महिन्याला ६,००० कमी. वर्षाला ७२,०००. दुरुस्तीचे पैसे आधी संपतात, मग पावडर थांबते, मग पाणी सोडणारा माणूस दुसरं काम शोधतो, शेवटी वीज तोडली जाते. नळ कोरडा पडतो आणि आपण म्हणतो, योजना बोगस. कधी योजना खरंच निकृष्ट असते. पण पुष्कळदा ती चालवायचा हिशेबच कुणी मांडलेला नसतो. आणि नळ कोरडा पडला की पुन्हा हंडा कुणाच्या डोक्यावर येतो, हे सांगायला नको.

ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचाही पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगात २०२१-२२ पासून पाच वर्षांसाठी ६० टक्के रक्कम बांधील होती. तिच्यातली निम्मी पिण्याच्या पाण्यासाठी, पाऊस साठवण्यासाठी आणि पाण्याच्या पुनर्वापरासाठी, निम्मी स्वच्छतेसाठी. आपल्या गावात तो पैसा कशावर गेला, हे ग्रामसभेत विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

सही होण्याआधी विचारायचे सात प्रश्न

गटात शेळीसाठी कर्ज देताना आपण चारा विचारतो. योजना ताब्यात घेतानाही तेच करायचं. ताबा घेतल्यावर विचारलं तर "आता तुमची जबाबदारी" हेच ऐकावं लागतं. म्हणून आधी.

एक, विहिरीला मे महिन्यात पाणी किती असतं? आपल्याकडं पाऊस धो धो पडतो, पण काळ्या पाषाणात तो मुरतो कमी आणि वाहून जातो जास्त. जुलैत घेतलेली चाचणी मे महिन्याची गोष्ट सांगत नाही.

दोन, आराखड्यात आमची वाडी आहे का? शेवटच्या घरापर्यंत पाईप कागदावर आहे का?

तीन, शेवटच्या आणि सगळ्यात उंचावरच्या घराला पाणी चढतं का? चाचणी त्या घरी घ्या, टाकीखालच्या घरी नको.

चार, वीजबिल महिन्याला किती येईल? सौरपंप बसू शकतो का?

पाच, चाचणी किती महिन्यांची आणि त्या काळात बिघाड झाला तर दुरुस्ती कुणी करायची? ठेकेदाराच्या करारात हे लिहिलेलं असतं.

सहा, मोजमाप पुस्तिकेत लिहिलेला पाईप आणि जमिनीत गाडलेला पाईप एकच आहे का? इंच आणि लांबी, दोन्ही बघा.

सात, पाणीपट्टी किती आणि ती कशी काढली? विधवा, एकट्या, मजुरी न मिळणाऱ्या घरांसाठी काय?

हे प्रश्न एकटीनं विचारायचे नाहीत. आपल्या कायद्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. महिला सभेत प्रश्न ठरवा, ते इतिवृत्तात लिहून घ्या, मग ग्रामसभेत मांडा. इतिवृत्तात नसलेली गोष्ट सरकारदरबारी घडलेलीच नसते.

कागद मिळत नसतील तर माहितीचा अधिकार आहे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. अर्ज थोडक्यात लिहा. मागायचं एवढंच: अंदाजपत्रकाची प्रत, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची प्रत आणि हस्तांतरणाचा कागद. या चार कागदांत योजनेची सगळी कुंडली असते.

आणि दार कुठलं ठोठवायचं? काम अर्धवट असेल तर बांधणाऱ्याचं, म्हणजे जिल्हा परिषदेचा पाणीपुरवठा विभाग किंवा जीवन प्राधिकरण, जे कागदावर असेल ते. ताबा दिल्यावर रोजचं पाणी, बिल, पावडर यासाठी ग्रामपंचायत आणि पाणी समिती. पाणी गढूळ किंवा खराब असेल तर ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक आणि आरोग्य केंद्र. नदी-धरणातल्या आरक्षणाचा प्रश्न असेल तर जलसंपदा विभाग. हे एका कागदावर लिहून गटाच्या वहीत चिकटवून ठेवा.

त्या वाडीचं पुढं काय झालं

सुरुवातीला सांगितलेल्या वाडीतल्या बायकांनी हेच केलं. गटाच्या बैठकीत अर्ज लिहिला. कागद हातात यायला दोन महिने गेले. कागद बघितल्यावर कळलं की ताबा घेताना वीजबिलाचा हिशेबच झाला नव्हता. मग महिला सभेत चर्चा झाली. दर ठरला. काही घरांनी विरोध केला, "सरकारचं पाणी, पैसे कसले?" त्यांना मावशींनीच समजावलं, "पाणी सरकारचं असंल, पण वीज फुकट नाही. आणि मी पैसे दिले तर विचारायला मोकळी." वसुली गटातल्या दोघी करतात, पावती देतात, महिन्याचा हिशेब शाळेच्या भिंतीवर लावतात.

आज तिथं एक दिवसाआड पाणी येतं. सगळं छान झालं असं आम्ही म्हणणार नाही. मे महिन्यात विहीर तळ गाठते, तेव्हा पुन्हा डवऱ्यावर जावं लागतं. विहीर खोल करायची की दुसरा उद्भव शोधायचा, हा प्रश्न ग्रामसभेपुढं आहे. पण आता तो प्रश्न बायकांनी मांडलाय, इतिवृत्तात लिहिलाय आणि त्याचा पाठपुरावाही त्याच करतात.

मावशींच्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हेच. प्राधिकरणाचे अधिकार कायद्यानं दिलेले आहेत. ते आखतं, पैसा उभारतं, बांधतं, तपासतं, दर सुचवतं. आपलेही अधिकार कायद्यात आणि शासनाच्या सूचनांत आहेत. समितीत निम्म्या जागा, महिला सभा, ग्रामसभा, माहितीचा अधिकार. फरक एवढाच की ते आपले अधिकार रोज वापरतात. त्यांच्याकडं कार्यालय आहे, शिक्का आहे, पगारी माणसं आहेत. आपल्याकडं गट आहे, वही आहे आणि दर महिन्याची बैठक आहे. कर्जाचा एकेक रुपया बिनचूक लिहिणाऱ्या बायकांना पाण्याचा हिशेब अवघड नाही.

तर पुढच्या बैठकीत एवढं करा. आपली योजना कुणाची, तिला पैसा कुणाचा, ताबा झाला का, आणि महिन्याचा खर्च किती, या चार गोष्टी वहीच्या एका पानावर लिहा. जे माहीत नाही तिथं जागा कोरी ठेवा. त्या कोऱ्या जागा म्हणजेच तुमच्या महिला सभेचे विषय.

आज इथंच थांबतो. नमस्कार.